क्रियापद शेवटी येतं तेव्हा: व्हर्बल जिंट आणि कोरियन रॅपमधलं यमक

२००१ साली सोल राष्ट्रीय विद्यापीठात अर्थशास्त्र शिकणाऱ्या एका वीस वर्षांच्या मुलाने छोटेखानी अल्बम काढला. मुलाचं नाव किम जिन-ते, रॅपर म्हणून घेतलेलं नाव व्हर्बल जिंट. अल्बमचं नाव होतं 'मॉडर्न राइम्स', म्हणजे आधुनिक यमकं. त्या वयातली मुलं पहिल्या अल्बमला प्रेमाचं, रागाचं, नाहीतर आपल्या गल्लीचं नाव देतात. याने थेट कारागिरीच्या एका अवजाराचं नाव दिलं. एखाद्या तरुण कवीने पहिल्या संग्रहाला 'नवी वृत्तं' म्हणावं, तसं. त्या नावात एक दावा होता: कोरियन भाषेत यमक नीट साधता येतं, ते अजून कुणी पूर्णपणे साधलेलं नाही, आणि कसं साधायचं ते ऐका.

या दाव्याचं पुढे काय झालं, त्याची ही हकिकत. मला ती जवळची वाटते, कारण मी कोरियन शिकायला लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात एक ओळखीची गोष्ट दिसली. 'नानुन पाबुल मॉगॉत्ता.' नानुन म्हणजे मी, पाबुल म्हणजे भात, मॉगॉत्ता म्हणजे खाल्ला. मी भात खाल्ला. शब्दामागे शब्द ठेवला आणि वाक्य जसंच्या तसं मराठीत आलं. कर्ता आधी, कर्म मधे, क्रियापद शेवटी. विभक्तीचे प्रत्ययही आपल्यासारखेच शब्दाला मागून चिकटतात. व्हर्बल जिंटपुढे जो पेच होता तो समजायला मराठी माणसाला फार लांब जावं लागत नाही.

पेच

इंग्रजी वाक्याच्या शेवटी बहुतेक वेळा कर्म किंवा स्थळ येतं. म्हणजे जगातलं कुठलंही नाम ओळीच्या टोकाला बसू शकतं, आणि यमकाला सगळा शब्दकोश मोकळा असतो. न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या रॅपची सगळी घडण या सोयीवर झाली. ओळ संपते, ठेका पडतो, आणि नेमका तिथे एक ताजा शब्द मागच्या ओळीतल्या शब्दाला साद देतो.

कोरियनमध्ये ओळीच्या टोकाला क्रियापद येतं, आणि क्रियापदाच्या टोकाला प्रत्यय. हे प्रत्यय मोजके. साधं कथन असेल तर 'दा', आदरार्थी औपचारिक बोलणं असेल तर 'सुम्निदा', घरगुती आदर असेल तर 'यो'. कात्ता म्हणजे गेला, वात्ता म्हणजे आला, प्वात्ता म्हणजे पाहिला. म्हटलं तर सगळी यमकं जुळली. पण मराठीत 'गेला, आला, पाहिला, खाल्ला' असं चार ओळींच्या शेवटी म्हणून पाहा. जुळणी ऐकू येते, पण त्यात काही घडत नाही. व्याकरणाने फुकट दिलेली जुळणी ती. श्रोत्याला पुढचा आवाज आधीच ठाऊक असतो.

आपण या पेचातून फार पूर्वी वाट काढली. ओवीने आणि अभंगाने शब्दांच्या जागा हलवायची सवय मराठी कानाला शतकानुशतकं लावली. क्रियापद ओळीच्या सुरुवातीला नेलं, कर्ता शेवटी आणला, तरी कुणाला ते परकं वाटत नाही. पंत कवींनी तर शब्द मधेच तोडून यमकं साधली. कोरियन कवितेचा इतिहास वेगळ्या वाटेने गेला. तिथला सर्वांत आवडता देशी प्रकार सिजो. तीन ओळी, प्रत्येक ओळीत शब्दांचे चार गट, आणि तिसऱ्या ओळीचा पहिला गट नेमका तीन अक्षरांचा. ओळ तिथे वळण घेते. सगळी गंमत या गटांच्या तोलात आणि त्या वळणात. अंत्ययमकाची अट सिजोत नाहीच.

यमक कोरियात होतं, पण ते चिनी लिपीत आणि चिनी नियमांनी लिहिलेल्या कवितेत, म्हणजे शिकलेल्या वर्गाच्या कवितेत. इथे थोडं थांबून एक आख्यायिका सांगायला हवी. एकोणिसाव्या शतकात किम सात्गात नावाचा एक भटका कवी होऊन गेला. सात्गात म्हणजे बांबूची मोठी टोपी. ती डोक्यावर घालून तो गावोगाव फिरायचा आणि कवितेच्या बदल्यात जेवण, निवारा मागायचा. एका गावच्या चिक्कू पंतोजीने त्याला अडवायला यमकासाठी 'म्यॉक' हे अत्यंत अडनिडं अक्षर दिलं. कवीने ओळ केली. पंतोजीने पुन्हा तेच अक्षर दिलं. मग पुन्हा, आणि चौथ्यांदाही तेच. आपल्याकडच्या समस्यापूर्तीसारखा हा खेळ. कवीने चारही ओळी पुऱ्या केल्या आणि त्या ओळींतच पंतोजीची खोडही काढली, असं सांगतात.

आता योगायोग पाहा. १९८९ मध्ये गायक होंग सॉ-बॉम यांनी एक गाणं केलं, ज्याला बरेच जण कोरियन भाषेतलं पहिलं रॅप मानतात. त्याचं नाव 'किम सात्गात', आणि ते याच कवीवर आहे. कोरियन रॅपची सुरुवातच एका यमकवीराच्या नावाने झाली, पण यमकाचा प्रश्न मात्र पुढची बारा वर्षं तसाच पडून राहिला.

मधली बारा वर्षं

ही वर्षं मी भराभर ओलांडते, कारण त्यांच्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. १९९२ मध्ये सॉ तेजी अँड बॉइज या त्रिकुटाने 'नान आरायो' हे गाणं आणलं आणि देशभरातली तरुण मुलं रॅपकडे वळली. शीर्षकाचा अर्थ 'मला ठाऊक आहे'. शीर्षकच मुळी 'यो'ने संपणारं पूर्ण वाक्य. १९९९ मध्ये लॉस एंजलिसमध्ये वाढलेला टायगर जेके आणि त्याचा साथीदार डीजे शाइन यांनी ड्रंकन टायगर या नावाने पहिला अल्बम काढला. त्यातल्या एका गाण्याचं नाव होतं 'तुम्हाला हिपहॉप कळतं का?' हा सवाल त्या काळच्या नाचगाण्याच्या गटांना होता. गाण्यात मधेच चार ओळी रॅपच्या टाकल्या की झालं हिपहॉप, असं मानणाऱ्यांना तो झोंबला.

टायगर जेकेने कोरियात हिपहॉपला जागा करून दिली, यात वाद नाही. पण त्याचं बळ आवाजात, ठेक्यावर रेलून बोलण्याच्या ढंगात आणि अनुभवात होतं. भाषेच्या टोकाशी असलेला पेच कुणीतरी भाषेच्या आत बसून सोडवायचा होता.

ते आत बसलेले लोक टेलिफोनच्या तारेवर भेटत होते. नव्वदच्या दशकात कोरियात हाइटेल, नाऊनुरी, चॉलियान अशा डायल-अप सेवा होत्या. काळ्या पडद्यावर अक्षरं उमटायची, रात्री फोनचं बिल चढायचं, आणि संगीतवेड्यांची मंडळं तिथे जमायची. हाइटेलवर 'ब्लेक्स' नावाचं मंडळ होतं. पुढे 'गारिओन' हा गट काढणारा एमसी मेटा त्यातलाच. नाऊनुरीवर 'एसएनपी' होतं, म्हणजे 'शो अँड प्रूव्ह', करून दाखव. व्हर्बल जिंट आणि पी-टाइप हे दोघे या मंडळातले. सोलच्या शिनछॉन भागात 'मास्टर प्लॅन' नावाचा क्लब होता, तिथे माइक हातात घेता यायचा. पण चर्चा चालायच्या त्या पडद्यावर, लिहून. मला हे महत्त्वाचं वाटतं. ही मुलं रॅप ऐकत होती तितकंच त्यावर लिहीत होती, ओळी सुट्या करून अक्षरं मोजत होती. 'मॉडर्न राइम्स' हे अशा वाचणाऱ्या, मोजणाऱ्या कानांचं काम आहे.

त्याने काय करून दाखवलं

इथे उदाहरणं द्यायला हवीत. त्याच्या गाण्यांतल्या ओळी मी उतरवणार नाही. तत्त्व दाखवायला साधे रोजचे शब्द पुरेसे आहेत.

पहिली गोष्ट, ओळ क्रियापदावर संपवायची नाही. वाक्य उलटवायचं, किंवा क्रियापदाला विशेषण करून नामाआधी न्यायचं, किंवा वाक्य अर्ध्यात तोडून उरलेलं पुढच्या ओळीत ढकलायचं. हे तिन्ही मार्ग कोरियन व्याकरणात आधीपासून होते. बोलताना लोक वाक्य उलटवतातच. 'तू आलास का?' ऐवजी 'आलास का तू?' असं आपणही करतो. लिहिलेल्या गाण्यात मात्र ते करायची सवय नव्हती.

दुसरी गोष्ट जास्त खोल आहे. यमक म्हणजे शेवटचं अक्षर जुळणं, ही समजूत त्याने सोडली आणि दोन-तीन-चार अक्षरांच्या स्वरांची साखळी जुळवायला घेतली. तिथे याला बहुअक्षरी यमक म्हणतात. हे शब्द मोठ्याने वाचा. तोशी म्हणजे शहर. सोरी म्हणजे आवाज. तोनी, कोची, मोगी. हे शेवटचे तीन वेगळे आहेत. 'तोन' म्हणजे पैसा, त्याला कर्त्याचा प्रत्यय 'ई' लागून तोनी. 'कोत' म्हणजे फूल, त्याचं कोची. 'मोक' म्हणजे गळा, त्याचं मोगी. पाचही शब्दांत ओ आणि ई. पण पहिल्या दोन शब्दांत ई मूळ शब्दाचा भाग आहे, आणि पुढच्या तिन्हींत तो प्रत्यय आहे. जो प्रत्यय यमकाला मारतो असं वाटत होतं, तोच इथे यमकाचा कच्चा माल झाला. शहर, आवाज, पैसा, फूल, गळा. या पाच शब्दांचा अर्थाने एकमेकांशी संबंध नाही, आणि म्हणूनच ते जुळले की कान टवकारतो.

कोरियन उच्चारांची एक लकब इथे फार मदतीला येते. शब्दाच्या शेवटचं व्यंजन पुढच्या स्वरावर उडी मारतं, आणि त्या उडीत कधी कधी रूप बदलतं. फूल या शब्दाचा एकटा उच्चार 'कोत', पण 'ई' लागला की लिपीत दडलेला 'च' वर येतो. 'काची' या उच्चाराचे दोन शब्द आहेत. एक 'सोबत', दुसरा 'मूल्य'. लिहिताना दोघांचं वर्ण-लेखन वेगळं, ऐकताना तिळमात्र फरक नाही. कागदावर न दिसणारी यमकं हवेत तरंगत असतात. ती फक्त कानाने शोधावी लागतात, आणि रॅप ही कानाची कला.

तिसरी गोष्ट, चिनी मुळाचे शब्द. कोरियन शब्दकोशातले निम्म्याहून अधिक शब्द चिनी मूळ असलेले आहेत. आपल्याकडे संस्कृत तत्सम शब्दांचं जे स्थान, साधारण तेच. ते एक-एक अक्षरी घटकांचे बनतात, बहुतेक दोन अक्षरांचे असतात, आणि विटांसारखे रचता येतात. शिगान म्हणजे वेळ. पिनान म्हणजे निंदा. चिन्दान म्हणजे आजाराचं निदान. यांच्या शेजारी अस्सल देशी शब्द ठेवा, चिबान, म्हणजे घरची मंडळी. चारही शब्दांत इ-आ-न. वर्तमानपत्राची भाषा आणि स्वयंपाकघराची भाषा एका ओळीत येऊन बसली. सिजोची परंपरा सांगणाऱ्यांना जे यमक परकं वाटत होतं, त्याची सामग्री भाषेच्या पोटात हजार-दीड हजार वर्षं साठून होती.

एक कच्चा दुवाही सांगते. पारामी, सारामी, मागामी, हानबामी. वारा, माणूस, कामाची मुदत, मध्यरात्र, सगळ्यांना 'ई' लागलेला. वाचायला सुरेख, पण चारही ठिकाणी ई प्रत्ययच आहे, त्यामुळे खरं काम आधीच्या आ-आ ने करावं लागतं. असं यमक करणारा आळशी की कसबी, हे कोरियन श्रोता चटकन ओळखतो. किंवा ओळखू लागला, असं म्हणायला हवं. 'मॉडर्न राइम्स'नंतर श्रोत्यांच्या हाती मोजपट्टी आली. आधी लोक म्हणत, अमक्याचा रॅप छान वाटतो. आता ते म्हणू लागले, त्याने चार अक्षरं जुळवली, आणि मधेही जुळवली.

या कामात तो एकटा नव्हता. पी-टाइपचा २००४ चा 'हेवी बेस' हा अल्बम याच विचाराचा आहे आणि माझ्या कानाला तो जास्त वजनदार वाटतो. पी-टाइप शब्द हातोड्यासारखे मारतो. व्हर्बल जिंट ते बोलता बोलता सोडून देतो, जणू जुळले तर जुळले. कोरियन यमकाची पायाभरणी सांगताना दोघांची नावं सोबत घेतली जातात, आणि ते योग्यच आहे.

विरोध

या शोधाचं स्वागत सरळ झालं नाही. यमकच कशाला हवं, असा विचार त्या काळी जोरात होता. यूएमसी नावाचा रॅपर हे मत मांडणाऱ्यांत सर्वांत ठळक. कोरियन रॅपला अमेरिकन यमकाची अट का लावायची? सांगायचं आहे ते नीट सांगा, ठेक्यात सांगा, बस. यूएमसीची गाणी ऐकली की हे मत हवेतलं नव्हतं हेही कळतं. तो गोष्ट सांगतो, आणि ती गोष्ट पोचते.

या विरोधात मला निम्मं सत्य दिसतं. यमकासाठी अर्थ वाकवला की ऐकणाऱ्याला ते टोचतं. 'मॉडर्न राइम्स'च्या पाठोपाठ आलेल्या कितीतरी पोरांनी चार-चार अक्षरं जुळवली आणि सांगायला काही नव्हतं. दुसरा आक्षेप इंग्रजीचा. कोरियन शब्दाला इंग्रजी शब्दाचं यमक जोडलं की काम सोपं होतं. व्हर्बल जिंट स्वतः इंग्रजी शब्द सढळ हाताने वापरतो. कोरियनमध्ये यमक साधता येतं हे सिद्ध करणाऱ्यानेच इंग्रजीची कुबडी घ्यावी का, हा प्रश्न रास्त होता आणि आजही आहे.

पण यमक ही परकी अट आहे, हे मला पटत नाही. कोरियन माणसाला शब्दखेळ किती आवडतो हे त्यांच्या रोजच्या बोलण्यात दिसतं. उच्चार एक आणि अर्थ दोन, यावर तिथले विनोद, जाहिराती आणि दुकानांच्या पाट्या चालतात. कान तयार होता. फक्त गाण्याच्या ओळीत त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

वाद चिघळला त्याला स्वभावाचाही हातभार लागला. व्हर्बल जिंट नम्र नव्हता. आपण काय केलं आहे हे त्याला ठाऊक होतं आणि ते तो गाण्यांतून बोलून दाखवायचा, इतरांची नावं घेऊन. नामांकित विद्यापीठाचा विद्यार्थी इतरांच्या ओळी तपासून गुण देतो आहे, असं चित्र झालं. शिक्षणावरून माणसाची पत ठरवणाऱ्या समाजात हे किती बोचलं असेल! माझ्या मते त्याच्या पद्धतीची टिंगल ज्यांनी केली, त्यातले बरेच जण प्रत्यक्षात या सुराला उत्तर देत होते.

बेनाम आणि बदनाम

पहिल्या छोट्या अल्बमनंतर पूर्ण लांबीचा पहिला अल्बम यायला सहा वर्षं गेली. २००७ मध्ये 'मूम्यॉंग' आला, २००८ मध्ये 'नूम्यॉंग'. या दोन शीर्षकांवर मी किती वेळ घालवला ते सांगत नाही. मूम्यॉंग म्हणजे ज्याला नाव नाही, अप्रसिद्ध. नूम्यॉंग म्हणजे खोटा आळ. दोन्हींतला 'म्यॉंग' म्हणजे नाव. मराठीत त्यासाठी जोडी तयार आहे: बेनाम, बदनाम. पहिल्या अक्षरातलं एक व्यंजन बदललं, म चा न झाला, आणि अनोळखी माणूस आरोपी झाला. सात वर्षांच्या वादाची सगळी गोष्ट त्याने दोन शीर्षकांच्या यमकात बसवली. यमक अर्थ वाकवतं, या आक्षेपाला याहून नेमकं उत्तर मला माहीत नाही. इथे यमकानेच अर्थ निर्माण केला आहे.

'नूम्यॉंग' ऐकताना जाणवतं की यमक आता दाखवायची वस्तू राहिलेली नाही. मन कडवट आहे, ओळी लांब आहेत, आणि जुळणाऱ्या अक्षरांकडे लक्ष जाण्याआधी माणसाकडे जातं. कोरियन हिपहॉपच्या उत्तम अल्बमांच्या याद्या निघतात तेव्हा त्यात हा हटकून असतो. याच सुमारास त्याच्याभोवती 'ओव्हरक्लास' हा गट होता. पुढे प्रसिद्ध झालेला सॅन ई त्यातलाच.

मग २०११ मध्ये 'गो ईझी' आला आणि जुने चाहते गोंधळले. प्रेमाची, रोजच्या जगण्याची, सहज गुणगुणता येतील अशी गाणी. त्यातलं 'चोआ पोयॉ', म्हणजे 'बरी दिसतेस', खूप गाजलं. ब्लॅक स्कर्ट या नावाने गाणाऱ्या संगीतकाराचा आवाज त्यात सोबतीला आहे. २०१२ मधलं 'पुरेशी सुंदर आहेस' या अर्थाचं गाणं त्याहूनही घरोघरी पोचलं. जुन्या मंडळींनी म्हटलं, गडी बाजारात गेला.

मला या दोन शीर्षकांत वेगळंच दिसतं. दोन्ही शीर्षकं पूर्ण वाक्यं आहेत, आणि दोन्ही क्रियारूपावर संपतात. ओळीच्या टोकावरून क्रियापद हटवण्यासाठी ज्याने दहा वर्षं भांडण केलं, त्याने आपल्या सर्वांत लोकप्रिय गाण्यांची नावं कोरियन माणूस खरोखर बोलतो तशी ठेवली. हा पराभव मी मानत नाही. गाण्याच्या आत साखळ्या आहेतच, फक्त बोलण्याच्या ओघात इतक्या मुरल्या आहेत की पहिल्यांदा ऐकताना कळतही नाहीत. पेच सुटला की माणूस पुन्हा साधं बोलू शकतो. त्याच २०१२ मध्ये त्याने आणखी एक अल्बम काढला. नाव 'दहा वर्षांचं चुकीचं वाचन', भाग एक. आपल्याला फक्त यमकाचा तंत्रज्ञ म्हणून वाचलं गेलं, अशी तक्रार मी त्या नावात वाचते. मीही इथे बहुतांश तेच करते आहे, याची जाणीव आहे. पण त्याच्या कामातला तोच भाग मला सर्वांत मोठा वाटतो.

पुढचं थोडक्यात. २०१५ मध्ये 'शो मी द मनी' या दूरचित्रवाणी स्पर्धेच्या चौथ्या पर्वात तो आणि सॅन ई एका संघाचे मार्गदर्शक होते. त्यांच्या संघातला 'बेसिक' नावाचा रॅपर ते पर्व जिंकला. त्याच पर्वात या संघाने एका फेरीचा निकाल जाहीर केल्यावर तो फिरवला आणि त्यावर मोठी नाराजी उसळली. २०१६ च्या जूनमध्ये दारू पिऊन गाडी चालवल्याची कबुली त्याने स्वतः समाजमाध्यमावर दिली. नंतर कळलं की पोलिसांनी त्याला अडवलं तेव्हा एका दूरचित्रवाणी चमूचा कॅमेरा तिथे होता, आणि मग कबुलीच्या हेतूवरच शंका घेतली गेली. गुन्हा त्याचा होता. नावाला लागलेला हा डाग मात्र 'नूम्यॉंग'सारखा खोटा आळ नव्हता, आणि त्याच्या चाहत्यांनी हा फरक पुसट करू नये असं मला मनापासून वाटतं.

२०२१ मध्ये 'प्यॉन्गोकचॉम' हा अल्बम आला. हा गणितातला शब्द आहे. आलेखाची वक्र रेषा ज्या बिंदूपाशी आपला बाक बदलते, तो बिंदू. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने चाळिशीत निवडलेलं नाव.

दुसऱ्या वाटेने आलेले

वादाचा निकाल कुठे लागला, असं विचाराल तर तो व्हर्बल जिंटच्या अल्बममध्ये शोधू नका. गारिओनकडे जा. एमसी मेटा आणि नाचाल यांचा हा गट १९९८ पासूनचा. यांनी वेगळी अट स्वतःवर घातली होती: ओळी कोरियनमध्येच लिहायच्या, इंग्रजीचा आधार घ्यायचा नाही. २००४ मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला, आणि २०१० मध्ये 'गारिओन २'. २०११ च्या कोरियन म्युझिक अवॉर्ड्समध्ये वर्षातला सर्वोत्तम अल्बम म्हणून 'गारिओन २'ची निवड झाली. हिपहॉप विभागातला नव्हे, सगळ्या संगीतातला.

तो अल्बम नीट ऐका. त्यात बहुअक्षरी साखळ्या आहेत, मधल्या जुळण्या आहेत, ओळी तोडून पुढे ढकलणं आहे. म्हणजे व्हर्बल जिंट आणि पी-टाइपने मांडलेली सगळी अवजारं. आणि इंग्रजी नाही. व्हर्बल जिंटचा दावा पूर्णपणे खरा ठरला तो त्याच्यावरच्या सर्वांत रास्त आक्षेपाला मान देणाऱ्यांच्या हातून.

एमसी मेटा तिथेही थांबला नाही. २०११ मध्ये डीजे रेक्ससोबत त्याने 'मूक्काक्कीहाई' हे गाणं केलं, संपूर्ण ग्योंगसांग प्रांताच्या बोलीत. सोलच्या प्रमाण कोरियनमध्ये शब्दातलं एखादं अक्षर उंच सुरात म्हणण्याने अर्थ बदलत नाही. ग्योंगसांगच्या बोलीत मात्र सुराचा चढउतार अजून जिवंत आहे, आणि तेच अक्षर चढ्या सुरात म्हटलं की शब्द वेगळा होतो. तेव्हा तिथे दोन शब्द जुळतात की नाही हे ठरवताना स्वर आणि व्यंजनं पाहून भागत नाही. सूरही जुळतो का, ते ऐकावं लागतं. २००१ मध्ये हाती आलेली मोजपट्टी तिथे अपुरी पडते.